लंब रेषेचं समीकरण: चढ उलटा केला, पण चिन्हाचं काय?

भाची अकरावीला आहे, परवा वही घेऊन आली की मामा सगळं बरोबर केलंय तरी उत्तर जुळत नाहीये, बघितलं तर नेहमीचंच, लंब रेषेसाठी चढ (स्लोप, म्हणजे वर गेलेली घरं भागिले उजवीकडे गेलेली घरं) उलटा केला होता पण चिन्ह तसंच ठेवलं होतं. ही चूक इतके जण करतात ना, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. (पुस्तकात एक्स-वाय असतं, मी क्ष आणि य लिहितोय, चालवून घ्या.)

गणित असं: २क्ष − ३य + ६ = ० ह्या रेषेला लंब असणारी आणि (४, −१) मधून जाणारी रेषा काढा.

आधी दिलेल्या रेषेचा चढ. य एकटा करा, य = (२/३)क्ष + २ येतं, म्हणजे चढ २/३. इथे −३ ने भागताना घाई नको, चढच चुकला तर पुढची मेहनत पाण्यात.

लंब रेषेचा चढ −३/२. का, ते पाठ करण्याआधी ग्राफ पेपरवर करून बघा. एका बिंदूपासून ३ घरं उजवीकडे जा, मग २ घरं वर, दोन्ही टोकं जोडा, ही झाली २/३ चढाची रेघ. आता कागदच डावीकडे ९० अंशात फिरवा, म्हणजे उजवीकडे गेलेली ३ घरं वर जातात आणि वर गेलेली २ घरं डावीकडे पडतात. वर ३, डावीकडे २, म्हणजे ३ भागिले −२. अपूर्णांक का उलटतो आणि वजा कुठून येतो, दोन्ही एकदमच दिसतं. भाचीने तर गुण्या लावून खात्री केली, माझ्यावर विश्वास नाही तिचा! दोन्ही चढांचा गुणाकार −१ येतो तो ह्यामुळेच.

पुढचं सोपंय. बिंदू आणि चढ दोन्ही आहेत, तर य + १ = −(३/२)(क्ष − ४). डावीकडे य − (−१) आहे म्हणून अधिक झालं हां, इथेपण लोक गडबडतात. २ ने गुणलं की २य + २ = −३क्ष + १२, म्हणजेच ३क्ष + २य − १० = ०. बिंदू टाकून बघा, १२ − २ − १० = ०, जमलं.

घाईत असाल तर शॉर्टकट आहे, क्ष आणि य चे सहगुणक अदलाबदल करा, एकाचंच चिन्ह बदला, ३क्ष + २य = काहीतरी, ते काहीतरी बिंदू टाकून मिळतं, १२ − २ = १०. मला स्वतःला हाच आवडतो कारण अपूर्णांकाची कटकटच नाही. पण पेपरात पायऱ्यांना मार्क असतात तेव्हा तिथे चढ दाखवाच.

आणि रेषा क्ष = ५ अशी उभी असली तर −१ चं सूत्र काढूच नका, उभ्या रेषेला चढच ठरवता येत नाही. तिला लंब म्हणजे आडवी रेघ, (४, −१) मधून जाणारी हवी तर सरळ य = −१ लिहायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं.