ईटीएफ घेताना: डीलरच्या खुर्चीतून काही उत्तरं

सांगलीत एका ब्रोकरच्या ऑफिसात मी डीलर आहे. मोबाईल ॲप आल्यापासून फोनवर ऑर्डर देणारे कमी झाले. तरी पैसे लावण्याआधी कुणाशी तरी बोलून घ्यावं असं वाटणारे लोक आहेतच. तासगावकडचे बागायतदार, ज्यांच्या हातात द्राक्षाचे पैसे हंगामातच येतात. पेन्शनवर असलेले शिक्षक. विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी, ज्यांची सोन्या-चांदीची दुकानं देशभर पसरलीत. हल्ली या सगळ्यांचे प्रश्न शेअरपेक्षा ईटीएफवर जास्त असतात, आणि नव्वद टक्के वेळा प्रश्न एकच: "ताई, कुठला घेऊ?"

कुठला घ्या हे सांगायचा परवाना माझ्याकडे नाही. पण घेताना काय बघायचं आणि ऑर्डर कशी लावायची, हे सांगता येतं. त्यातही ऑर्डर कशी लावायची हा भाग लोक फार हलक्यात घेतात.

आधी निर्देशांक, मग कंपनी

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा फंड. तो आपलं डोकं चालवत नाही, एखाद्या निर्देशांकात जे असेल तेच त्या प्रमाणात घेऊन ठेवतो. त्यामुळे पहिला निर्णय निर्देशांकाचा. नावं फसवी असतात. 'निफ्टी 50' आणि 'निफ्टी नेक्स्ट 50' यांत एकही कंपनी सामाईक नसते. नेक्स्ट 50 मध्ये त्यापुढच्या पन्नास कंपन्या येतात आणि त्याचे चढ-उतार बरेच जास्त असतात. 'निफ्टी 50 इक्वल वेट'मध्ये कंपन्या निफ्टीच्याच, पण सगळ्यांना सारखा वाटा. बँकांचा, आयटीचा, संरक्षण कंपन्यांचा ईटीएफ घेतलात तर एकाच धंद्यावर पैसे लावले, हे समजून घ्या. पहिल्यांदा घेणारा माणूस एखाद्या क्षेत्राचा ईटीएफ मागायला लागला, की त्या क्षेत्राची बातमी कालच टीव्हीवर झाली असणार हे मी ओळखते.

ॲपवर शोधताना कोड नीट वाचा. एकाच निर्देशांकाचे दहा-बारा ईटीएफ येतात आणि कोडमध्ये एखाद्या अक्षराचा फरक असतो.

युनिट स्वस्त म्हणजे फंड स्वस्त?

नाही. युनिटचा भाव किती, हे फंड कंपनीने सुरुवातीला केलेल्या तुकड्यांवर ठरतं. भारतातला पहिला ईटीएफ निफ्टी बीज. बेंचमार्क नावाच्या कंपनीने आणला, जानेवारी 2002 मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. त्याच्या एका युनिटचे डिसेंबर 2019 मध्ये दहा तुकडे झाले. भाव दहापट खाली आला, युनिटं दहापट झाली, कुणाच्याही खिशात एक रुपया कमी-जास्त झाला नाही. तरी "एवढा कसा पडला?" असं विचारणारे होतेच.

याच फंडाच्या निमित्ताने आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं. "कंपनी बंद पडली तर?" बेंचमार्क गोल्डमन सॅक्सने घेतली, तिथून कारभार रिलायन्सकडे गेला, पुढे निप्पॉनकडे. पाटी तीनदा बदलली, युनिटधारकांची युनिटं डीमॅटमध्ये जिथल्या तिथे राहिली. फंडातले शेअर कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे असतात, फंड कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात नसतात.

आणि लाभांश? इन्फोसिसने लाभांश दिला, माझ्या खात्यात का नाही आला, असं विचारतात. बहुतेक शेअरचे ईटीएफ तो आतच ठेवून पुन्हा गुंतवतात. म्हणून तुलना करताना नुसत्या निफ्टीशी करू नका, 'निफ्टी 50 टीआरआय'शी करा. त्यात लाभांश धरलेला असतो.

खर्चाचा आकडा किती मनावर घ्यायचा?

एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायला दरवर्षी कापला जाणारा खर्च, कमी असावा, हे खरंच. पण 0.04 आणि 0.07 टक्के यांत तासभर घालवणारे लोक मी बघते, तेव्हा हसू येतं. त्यापेक्षा ट्रॅकिंग डिफरन्स बघा, म्हणजे निर्देशांकाने किती दिले आणि फंडाने किती दिले यातला फरक. खर्च, हाताशी ठेवलेली रोकड, निर्देशांक बदलला तेव्हा झालेली खरेदी-विक्री, सगळं त्यात उतरतं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे एक, तीन, पाच, दहा वर्षांचा हा फरक फंड कंपन्यांना जाहीर करावा लागतो. ट्रॅकिंग एरर हा वेगळा आकडा. तो फरक किती हेलकावे खातो हे त्यातून कळतं. पाच वर्षांचा फरक बघा, एका वर्षावर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट: पडदा वाचा

आमच्या टर्मिनलवर एखाद्या स्क्रिपचे, म्हणजे शेअरचे किंवा ईटीएफचे, 'बेस्ट फाइव्ह' दिसतात. डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव आणि नग, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच. तुमच्या ॲपमध्येही हे असतं, 'मार्केट डेप्थ' नावाने. फारच थोडे लोक ते उघडतात.

समजा, एखाद्या कमी उलाढालीच्या ईटीएफचं त्या क्षणीचं खरं मूल्य, म्हणजे आयनॅव्ह, 48.20 रुपये आहे. विकणाऱ्यांच्या बाजूला असं दिसतंय: 48.35 ला 200 नग, 48.90 ला 150, 49.80 ला 500, 51 ला 1,000. तुम्ही 1,000 नगांची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्या असं सांगितलं. ती ऑर्डर वरून खाली सगळं चाटून पुसून नेते: 200 नग 48.35 ला, मग 150, मग 500, आणि उरलेले 150 थेट 51 ला. बिल झालं 49,555 रुपये. मूल्य होतं 48,200. म्हणजे 1,355 रुपये, जवळजवळ 2.8 टक्के, एका बटणात गेले.

हाच माणूस 0.20 टक्के खर्चाचा फंड सोडून 0.05 चा निवडतो. त्यातून वर्षाला वाचले बहात्तर रुपये. बटण दाबताना गेलेले भरून यायला साधारण एकोणीस वर्षं लागतील.

म्हणून ऑफिसात कुणीही ईटीएफची ऑर्डर दिली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: लिमिट लावू. म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या वर घ्यायचं नाही. पद्धत साधी आहे. फंड कंपनीच्या वेबसाइटवर आयनॅव्ह बघायचा. शेअरच्या ईटीएफचा तो बाजार चालू असताना दर पंधरा सेकंदांच्या आत बदलत राहतो. मग डेप्थ उघडायची. घेणाऱ्याचा सगळ्यात वरचा भाव आणि विकणाऱ्याचा सगळ्यात खालचा भाव यांत अंतर किती, आणि आपल्याला हवे तेवढे नग आयनॅव्हच्या आसपास आहेत का, हे बघायचं. असतील तर तेवढ्याच भावाला लिमिट. नसतील तर 48.30 किंवा 48.35 ला लावून थांबायचं. प्रत्येक ईटीएफला किमान दोन मार्केट मेकर असावे लागतात. त्यांचं कामच दोन्ही बाजूंना भाव लावणं. बऱ्याचदा थोड्या वेळात नवे नग येतात. दिवसभरात नाही आले तर नाही आले, ऑर्डर संध्याकाळी आपोआप रद्द होते, पैसे कुठे जात नाहीत.

सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला उडी मारू नका. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं भाव सैरभैर असतात आणि मार्केट मेकरही जपून नग लावतात. अकरानंतर, दुपारी दोनच्या आत, निवांत काम होतं. बाजार जोरात पडत असेल त्या दिवशी तर आयनॅव्ह बघितल्याशिवाय काहीच करू नका. अशा वेळी ईटीएफचा भाव कधी मूल्याच्या खाली जातो, कधी वरच अडकून बसतो.

उलाढाल एका दिवसाची बघून ठरवू नका, पंधरा दिवसांची बघा. माझं मत विचाराल तर निफ्टी किंवा सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये ज्याची उलाढाल मोठी आणि दोन भावांतलं अंतर रुपयांत नाही, पैशांत मोजण्याएवढं कमी, तो घ्यावा. खर्चात दोन-तीन शतांश जास्त असले तरी चालतील.

चांदी आणि परदेशी: इथे भाव मूल्यापासून सुटतो

भारतात चांदीचे ईटीएफ आले जानेवारी 2022 मध्ये. फंड खरोखरची चांदी घेऊन ठेवतो, 30 किलोच्या लाद्या, 999 शुद्धतेच्या. ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, चांदीची टंचाई झाली आणि ईटीएफचे भाव आयनॅव्हच्या बरेच वर गेले. एका गलाईवाल्या काकांचा फोन आला होता. "पोरी, चांदी मी रोज हातात धरतो. ही कागदावरची चांदी माझ्या चांदीपेक्षा महाग कशी?" प्रश्न अगदी नेमका होता. एरवी भाव वर गेला की मार्केट मेकर चांदी जमा करून फंडाकडून नवीन युनिटं घेतात, बाजारात विकतात, आणि भाव खाली येतो. चांदीच मिळेना झाल्यावर ही साखळी तुटली. चांदीच्या ईटीएफमध्ये गुंतवणाऱ्या फंड ऑफ फंडांत तर काही फंड कंपन्यांनी एकरकमी पैसे घेणंच तात्पुरतं थांबवलं. काकांनी घेतली नाही. धंद्यातल्या माणसाला जादा भाव लगेच कळतो.

नॅसडॅक वगैरे परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफचं दुखणं वेगळं. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला एकूण 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, परदेशी ईटीएफमध्ये गुंतवायला वेगळी 1 अब्ज डॉलरची. या मर्यादा भरत आल्या की नवीन युनिटं बनणं थांबतं. घेणारे वाढतात, युनिटं तेवढीच, आणि मग लोक शंभराच्या मालाला शंभराहून बरेच जास्त मोजतात. पुढे मर्यादा वाढली किंवा हौस ओसरली तर ते जादा पैसे विरतात, अमेरिकेतला बाजार जागचा हलला नाही तरी. शिवाय तिथला बाजार आपल्याकडे संध्याकाळी सात-आठला उघडतो. दिवसा आपण घेतो तेव्हा मूळ शेअरचे व्यवहार बंदच असतात. मी यात दोन टक्क्यांवर प्रीमियम, म्हणजे आयनॅव्हपेक्षा जादा भाव, दिसला की घेऊ नका असंच म्हणते. ही माझी रेघ आहे, नियम नव्हे.

सोन्याचं तुलनेने सरळ. घडणावळ नाही, युनिट घेताना 3 टक्के जीएसटी नाही. मुलीच्या लग्नात दागिनेच करायचे असतील तर शेवटी युनिटं विकून सराफाकडे जावं लागणार आणि ते दोन्ही तेव्हा भरावं लागणार, एवढं लक्षात असू द्या.

एसआयपी करायची आहे, मग?

महिना दोन-तीन हजार, आणि पडद्याकडे बघायला वेळ नाही: अशांना मी सरळ इंडेक्स फंड बघायला सांगते. डीमॅट लागत नाही, दिवसाच्या एनएव्हीला, म्हणजे त्या दिवसाच्या खऱ्या मूल्याला, युनिटं मिळतात, आयनॅव्ह-डेप्थची भानगड नाही, आणि रकमेचे पूर्ण पैसे कामाला लागतात. ॲपमधली 'ईटीएफ एसआयपी' म्हणजे बऱ्याचदा ठरल्या वेळी आपोआप जाणारी ऑर्डर असते. ती मार्केट ऑर्डर आहे का, हे आधी तपासा. द्राक्षवाल्यांसारखे एकरकमी पैसे असलेल्यांना ईटीएफ बरा पडतो. तरी सगळे एका दिवशी न लावता चार-पाच हप्ते करा, आणि पुढच्या छाटणीचा, औषधांचा खर्च आधी बाजूला काढा.

कर, थोडक्यात

शेअरच्या ईटीएफवर वर्षाच्या आत विकून नफा झाला तर 20 टक्के. त्यानंतर विकलं तर वर्षाला 1.25 लाखांपर्यंतच्या नफ्यावर काही नाही, पुढे 12.5 टक्के. सोन्या-चांदीच्या ईटीएफला ही सव्वा लाखाची सूट नाही; बारा महिन्यांनंतर 12.5 टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. रोख्यांचा ईटीएफ 1 एप्रिल 2023 ला किंवा नंतर घेतला असेल तर कितीही वर्षं ठेवा, स्लॅबच लागतो. त्यावर सेस वेगळा.

विकताना

घेताना जे नियम, तेच: लिमिट, आयनॅव्ह, दुपारची वेळ. फक्त आता डाव्या बाजूचे नग मोजायचे, कारण ते तुमचे गिऱ्हाईक. विकलेल्या दिवसाचे पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात, त्यामुळे उद्या सकाळी फी भरायची असेल तर आज दुपारी विकून भागत नाही. ऑनलाइन विकणाऱ्यांनी टीपिन, म्हणजे डीमॅटमधून युनिटं काढायला परवानगी देणारा पिन, हाताशी ठेवावा. आणि डीपी चार्ज, म्हणजे विकताना डीमॅट खात्यातून युनिटं बाहेर जाण्याचा आकार, नगावर नसतो, एका स्क्रिपला एका दिवसासाठी ठरावीक असतो. एक गुरुजी रोज दहा-दहा युनिटं विकायचे, भाव वाढेल या आशेने. त्यांना मी स्टेटमेंटमधली ती ओळ पेनाने अधोरेखित करून दिली. आता ते महिन्यातून एकदाच फोन करतात, एकदमच विकतात.