पडून राहिलेली शिडाची बोट राहायला घेताना

मी इंग्लंडात पोर्ट्समथच्या खाडीत २६ फुटी शिडाच्या बोटीवर राहते, सहा वर्षं झाली. मूळची कोकणातल्या हर्णैची, आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. गेल्या वर्षभरात तीन-चार मराठी मुलांनी विचारलं, अशी बोट घ्यायची तर पाहायचं काय? म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझी बोट वेस्टर्ली सेंटॉर या मॉडेलची. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांहून जास्त बनल्या, आणि कारखाना इथून जवळच, वॉटरलूव्हिलला होता. तिला मधोमध एक खोल कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, नाही, दोन बाजूंना दोन आखूड कील आहेत. ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. त्यामुळे चिखलातली जागा चालते, आणि ती मरीनातल्या (बोटी भाड्याने ठेवायच्या बंदरातल्या) तरत्या धक्क्यापेक्षा खूप स्वस्त पडते. शिवाय इतक्या बोटी बनल्यात की जुनी शिडं, सुटे भाग आणि सल्ला देणारे मालक सहज भेटतात. पहिल्या बोटीसाठी एखादं दुर्मीळ सुंदर मॉडेल शोधू नका.

बोट पाहायला पाऊस पडून गेल्यावर जा. आतल्या जमिनीच्या फळ्या उचला. तळात साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग नसेल तर करंगळी बुडवून जिभेला लावा. पाणी खारं असेल तर ते तळाच्या कॉकमधून (तळाच्या भोकांवरच्या तोट्यांतून) किंवा बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याच्या पॅकिंगमधून येतंय. गोडं असेल तर वरून, म्हणजे खिडक्या, कठड्याचे खांब, डोलकाठीचा पाया यांतून. मला गोड्या पाण्याची धास्ती जास्त. आतलं प्लायवूड त्यानेच कुजतं, आणि तेही भिंतीच्या कापडामागे, दिसत नाही तिथे. हर्णैला पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ते उगाच नाही.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत फिरा. चांगल्या जागी टणक आवाज येतो. आतला थर कुजला असेल तिथे बद्द वाजतं, पायाखालीही लवतं. हातभर जागा दुरुस्त करता येते. अर्धा डेक बद्द वाजला तर परत फिरा.

कील जिथे तळाला जोडल्यात तिथे बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून बॅटरी मारा. चिखलात वर्षानुवर्षं उठबस करणाऱ्या बोटीचा सगळा भार त्या सांध्यावर येतो. बाकी तळ मळका आणि तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर का लावला ते विचारा.

तळाचे कॉक पितळी असतील तर थोडं खरवडून पाहा. धातू गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा कॉक एका लाथेने तुटू शकतो. सगळे बदलायचा खर्च धरून चाला. डोलकाठीच्या तारांवरून टिश्यू पेपर फिरवा, तुटलेला धागा असला की कागद अडकतो. इंजिन सुरू करायला सांगण्याआधी त्यावर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच ते सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं ते तुम्हाला पाहायचंय.

एवढं पटलं तरच सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, बोलवा, आणि तो तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढूनच पाहणी करा. तळाला फोड दिसले आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर फायबरमध्ये पाणी मुरलंय. थोड्या फोडांनी बोट बुडत नाही. भाव मात्र कमी करून घ्या.

कागदपत्रांवर मी पहिली बोट सोडली. मालकाकडे खरेदीखत नव्हतं आणि यार्डाचं (बोटी ठेवायच्या-दुरुस्तीच्या आवाराचं) दोन वर्षांचं भाडं थकलं होतं. थकबाकी फिटेपर्यंत यार्ड बोट अडवून ठेवू शकतं. छोट्या बोटींच्या सरकारी नोंदवहीत नाव असणं हा मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. आणि पैसे देण्याआधी जागेच्या मालकाला स्पष्ट विचारा, ‘मी इथे बारा महिने झोपले तर चालेल का?’ अनेक मरीनांत बोट ठेवता येते, राहता येत नाही. उत्तर लेखी घ्या.

माझी बोट २,५०० पौंडांना मिळाली. पुढच्या दोन वर्षांत तिच्यावर ९,००० गेले. त्यातले काही वाचले असते. आतलं छत लोंबत होतं, ते डोळ्यांना खुपायचं, म्हणून मी आधी छताचं कापड नवं लावलं. नोव्हेंबरच्या पावसात खिडक्या गळल्या आणि सगळं कापड पुन्हा उतरवावं लागलं. तेव्हा क्रम असा धरा: वरून येणारं पाणी बंद, मग तळाचे कॉक, मग गॅस आणि हीटर, मग इंजिन. गाद्या-पडदे सगळ्यात शेवटी.

गॅसबद्दल जरा थांबून सांगते. घरात गळलेला गॅस खिडकी-दारातून निघून जाऊ शकतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बोटीत तो तळात जाऊन बसतो, आणि तिथून त्याला वाट नसते. सिलिंडरचा कप्पा बाहेर, तळाला भोक असलेला, ते भोक बोटीबाहेर उघडणारं हवं. जुनी नळी पहिल्याच दिवशी बदला. कार्बन मोनॉक्साइडचा (इंधन अर्धवट जळल्याने होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म लावल्याशिवाय एकही रात्र झोपू नका. मी नाही झोपले.

हिवाळ्यात तुमच्या श्वासाचंच पाणी होतं. माझ्या गादीची खालची बाजू पहिल्या डिसेंबरात ओली निघाली. आता गादीखाली लाकडी पट्ट्या आहेत, आणि ओल शोषणाऱ्या यंत्राची टाकी मी रोज सकाळी रिकामी करते.

चिखलातली बोट यार्डात न्यायची तर दिवस भरतीवर ठरतो. इथे उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) पाणी सुमारे ४ मीटर चढतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) निम्मंच; माझ्या जागी भांगाला बोट जेमतेम तरंगते. उधाणाची भरती पोर्ट्समथला दुपारी बाराच्या सुमारास येते. बोट उचलणाऱ्या क्रेनवाल्याला उधाणाच्या आठवड्यातली तारीख मागा, आणि सकाळी दहाला बोटीवर हजर राहा.