गच्चीवरून पावसाचं पाणी किती मिळेल, ते काढायची तयारी

हे सगळं मृग लागायच्या आत करा, आणि टाकी घ्यायच्या आधी. टेप, वही, खडू आणि एक भरलेली बादली. बादलीच विसरतात लोक, मागच्या साली आम्हीही विसरलो आणि हिशोब तिथेच फसला. नकाशात गच्ची १२०० चौरस फूट, १०.७६ ने भागलं की १११ चौरस मीटर, तेवढी पूर्ण धरली, पण टाकीच्या पायपाकडे उतार निघाला जेमतेम अर्ध्या गच्चीचा, बाकीचं पाणी मागच्या तोंडातून सरळ नालीत जाऊन राहिलं होतं.

म्हणून बादली घेऊन वर जा, कोपऱ्या-कोपऱ्यात थोडं थोडं ओता आणि धार कुठं वळते ते बघा. जिथं पाणी फुटून दोन्हीकडे जातं तिथं खडूनं रेघ ओढा. रेघेच्या अलीकडचं मोजा, फक्त तेवढंच तुमचं. जिन्यावरच्या स्लॅबवरही ओता, त्याचा उतार बऱ्याचदा उलटा असतो. टिन किंवा कवेलू असेल तर उताराची लांबी नका धरू, खाली जमिनीवर छत जेवढी जागा झाकतं तेवढंच माप.

आता पाऊस. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर म्हणजे १ लिटर. नागपूरची सरासरी १००० मिमीच्या थोडी वर आहे, पण सरासरी धरून टाकी घेऊ नका, कृपा करा. कोरड्या भागात तर अजिबातच नाही, माण-आटपाडीकडे ५०० च्या आसपास, जैसलमेरला २०० च्या आतबाहेर, आणि पाऊस जितका कमी तितका एका साली आणि दुसऱ्या साली फरक मोठा. कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर आकडे मिळतात, त्यातलं सगळ्यात वाईट साल घ्या. स्लॅबला ०.८ नं गुणा, टिनला ०.९ चालतं. दोन-तीन मिमीची सर तापलेल्या स्लॅबवरच वाळते, आणि कोरड्या मुलखात अशाच सरी जास्त, तिथं ०.८ पण जास्तच होतात.

नुसतं समजण्यापुरतं १००० मिमी धरू: १०००×१११×०.८ म्हणजे जवळपास ८९,००० लिटर, पण रेघेनं अर्धी गच्ची गेली की ४४,००० च. बादली ओतली का? नसेल तर इथंच थांबा, पुढचं सगळं त्या रेघेवर आहे.

आणि हे ४४,००० घरात येत नाहीत. ५० मिमीची एक जोरदार सर आली की अर्ध्या गच्चीवरूनही २,२०० लिटर उतरतं, हजार लिटरची टाकी त्यातच वाहून जाते. उलटं मोजा: ऑक्टोबर ते मे २४३ दिवस, चार माणसं, प्यायला-स्वयंपाकाला सगळ्यांचे मिळून रोजचे ४० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरची साठवण लागते. धुणं-भांडी, कूलर यात नाही.

बाकी पटापट. पहिल्या पावसाचे दोन मिमी सोडून द्या, छतावरची धूळ अन् पक्ष्यांची घाण त्यात असते. गाळणी, घट्ट झाकण, मच्छरांसाठी जाळी. ओव्हरफ्लो विहिरीत किंवा शोषखड्ड्यात, पायव्यापासून दूर. गच्चीवर नवीन वॉटरप्रूफिंग केलं की उतार बदलतो, तेव्हा परत बादली.