टर्बो गाडीचा एक्झॉस्ट: पैसे कुठे घातले

गायमुखच्या चढावर माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल दुसऱ्या गिअरला रेंगाळायची. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने आधी चकचकीत मफलर, म्हणजे धुराच्या नळीच्या टोकाचा सायलेन्सर, पुढे केला. मी नको म्हटलं. मागचं टोक बदलून आवाज वाढतो, ताकद नावालाच. टर्बोत खरी कोंडी टर्बाइनच्या, म्हणजे इंजिनातून सुटणाऱ्या वायूवर फिरणाऱ्या चाकाच्या, बाहेरच्या तोंडाशी असते. तिथून वायू जितका मोकळा सुटेल, तितकं चाक लवकर वेग घेतं. म्हणजे बदलायचा तो डाउनपाइप, टर्बाइनला लागूनचा पाइप.

‘कॅट काढूनच टाका ना साहेब,’ हा सल्ला फुकट मिळतोच. कॅट म्हणजे या पाइपातली धूर स्वच्छ करणारी जाळी. धूर, वास, वर पेटलेला चेक इंजिनचा दिवा, कोण सांभाळणार? मी २०० सेलचा (दर चौरस इंचाला २०० छिद्रं) हाय-फ्लो, म्हणजे वायू कमी अडवणारा, कॅटवाला स्टेनलेस पाइप घेतला. घेताना आत बोट घालून वेल्डिंग चाचपलं: एका पाइपात सांध्याला चांगली जाड कड लागली, तो तिथेच परत. गास्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) नवीनच टाकलं, जुनं पुन्हा बसवलं की फुसफुस सुरू होते.

नुसत्या पाइपाने फरक थोडा पडला. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) हातात, त्यामुळे रिमॅप केल्यावरच, म्हणजे त्याची सेटिंग बदलल्यावरच, गाडी चढाला खेचायला लागली. कायद्याच्या नजरेत हा मूळ गाडीत केलेला बदलच, विमावालाही नाक मुरडू शकतो. मूळ पाइप माळ्यावर जपून ठेवलाय.