रेकॉर्डिंगसाठी बेस घ्यायचा तर दुकानातला अ‍ॅम्प बंद करायला सांगा

दुकानात बेस गिटार वाजवून बघायला मिळते ती बहुतेक वेळा मोठ्या अ‍ॅम्पला जोडलेला. खर्जाचं बटण अर्ध्याच्या पुढे फिरवलेलं असतं, पायाखालची फरशी थरथरते आणि कुठलाही बेस भारदस्त वाटतो. घरी आणून तोच इंटरफेसला, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डबीला, लावला की एक सूर मोठा येतो, शेजारचा बारीक, आणि मागे सतत गुणगुण. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस सहसा थेट इंटरफेसमध्येच जातो, अ‍ॅम्पचा रंग नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. तेव्हा निवडही तशीच, हेडफोन लावून करायची. सगळे सूर सारख्या जोराचे येतात का, वर खाली सगळीकडे सुरात आहे का आणि वाजत नसताना गप्प बसतो का, एवढं आधी बघा. रंग, लाकूड आणि डोक्यावरचं नाव नंतर.

हातात २५ हजार असतील तर बेसवर १८-१९ हजारांच्या वर जाऊ नका. उरलेले तारांचा नवा संच, सेटअप (तारांची उंची, सूर वगैरे जुळवून घेणं) आणि ३ मीटरची बरी केबल यांना लागतील. केबल लांब असली की पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसची वरची धार बोथट होते, खोलीत बसून वाजवायला ६ मीटरची गरजही नसते. अ‍ॅम्पसकट मिळणारे ‘पॅक’ टाळा. त्यातला १०-१५ वॉटचा अ‍ॅम्प रेकॉर्डिंगच्या काही कामाचा नसतो आणि त्याची किंमत बेसच्या दर्जातूनच वसूल झालेली असते. इंटरफेस अजून घेतला नसेल तर तो आधी घ्या. त्याला ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं इनपुट हवं, म्हणजे साधारण १ मेगाओमचं. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह बेस लावला तर आवाज गुदमरल्यासारखा येतो, आणि लोक बिचाऱ्या बेसला नावं ठेवतात.

पिकअप कुठला

पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं, तारांखालचं चुंबक आणि गुंडाळी. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१चा, पण त्याचा आजचा दोन तुकड्यांचा पिकअप आला १९५७ मध्ये. जॅझ बेस आला १९६०ला. स्वस्तातले बहुतेक बेस आजही या दोघांचीच नक्कल किंवा भेसळ आहेत, आणि त्यात वाईट काही नाही.

पहिलाच बेस असेल आणि काम रेकॉर्डिंगचंच असेल तर प्रिसिजन पद्धतीचा पिकअप घ्या. त्याच्या दोन तुकड्यांची गुंडाळी एकमेकांविरुद्ध असते, त्यामुळे विजेची गुणगुण आपोआप कापली जाते. आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई या सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या) जी हा सूर असतो ४९ हर्ट्झचा. म्हणजे गुणगुण बरोबर बेसच्या सुरांच्या घरात राहायला येते. ती इक्वलायझरने कापायला गेलात तर सूरही कापला जातो. आधीच शांत असलेला पिकअप हाच त्यावरचा खरा इलाज.

जॅझ पद्धतीत दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे पिकअप, असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले तर ते एकमेकांची गुणगुण कापतात. एक जरा कमी केला की ती परत येते. अर्थिंग धड नसलेल्या घरात, पंख्याच्या किंवा दिव्याच्या डिमरजवळ रेकॉर्ड करणार असाल तर हे लक्षात असू द्या. पी-जे या, प्रिसिजन आणि जॅझ दोन्ही पिकअप असलेल्या, मिश्र प्रकारात पी एकटा वाजवला तर शांतता, जे मिसळला की थोडी गुणगुण. तरीही एका बेसमध्ये दोन आवाज मिळतात म्हणून हा सौदा बरा.

याच दृष्टीने स्क्वायरचा सोनिक प्रिसिजन, यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आणि कॉर्टचा अ‍ॅक्शन पीजे हे बघण्यासारखे आहेत. आयबानेझचा जीएसआर २०० हाही पी-जे, पण त्याच्यात बॅटरीवर चालणारा बेस बूस्ट आहे. रेकॉर्ड करताना तो शून्यावर ठेवायचा. यामाहाचा टीआरबीएक्स ३०४ सगळा बॅटरीवर चालणारा, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह वाईट नव्हे, पण स्वस्त सर्किटमध्ये ट्रेबल वाढवला की सळसळ वाढते, आणि ९ व्होल्टची बॅटरी उतरू लागली की आवाज फाटतो. ते नेमकं चांगल्या टेकमध्ये होतं. केबल जॅकमध्ये राहिली की बॅटरी चालूच राहते, म्हणून काम संपलं की केबल काढायची.

चार तारा की पाच

स्वस्तातल्या पाच तारांच्या बेसवर खालची बी, म्हणजे ३१ हर्ट्झ, तारेच्या ३४ इंची लांबीला सैल आणि पसरट लागते. छोट्या मॉनिटर स्पीकरवर तिचा मूळ खर्ज ऐकूही येत नाही, फक्त मिक्समधली जागा खातो. चारच घ्या.

भावगीत-भक्तिगीताच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक अडचण नेहमी येते. गायक ‘काळी एक’ म्हणाला की स्केल सी शार्प. त्या सप्तकाच्या शुद्ध स्वरांत ई, ए, डी, जी या चार मोकळ्या तारांपैकी एकही बसत नाही. म्हणजे एकही तार मोकळी वाजवता येत नाही, सगळं फ्रेटवरच. षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९ हर्ट्झला, आणि वरचा षड्ज सोयीच्या जागी म्हणजे जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर. आता गंमत बघा: प्रिसिजन-जॅझच्या बांध्याच्या बेसवर ‘मेलेली जागा’ बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यानच असते. तिथे सूर लागतो आणि लगेच विझतो, कारण त्या कंपनाला नेकच (बेसचा गळा) साथ देऊ लागतो आणि तारेची ताकद शोषून घेतो. महागड्या बेसवरही हे असतं, फक्त कमी-जास्त. दुकानात दहा मिनिटंच मिळणार असतील तर त्यातली पाच इथे घालवा.

दुकानात काय करायचं

लॅपटॉप, इंटरफेस, बंद कपांचे हेडफोन आणि स्वतःची केबल घेऊन जा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दोन पिनांच्या चार्जरमुळे गुणगुण येते, कधी तारांना बोट लावल्यावर झिणझिण्याही येतात, आणि दोष बेसच्या माथी जातो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ठेवा. बेसचे व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडे. सगळ्यात जोरात छेडल्यावर मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत जाईल इतकाच गेन (इंटरफेसच्या इनपुटची पातळी).

आधी काहीच वाजवू नका. तारांवर हात ठेवून दहा सेकंद, हात उचलून दहा सेकंद, मग खुर्ची काटकोनात फिरवून दहा सेकंद रेकॉर्ड करा. हात ठेवल्यावर गुणगुण कमी होणं ठीक. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची (तारा खालच्या टोकाला जिथे अडकतात त्या पट्टीची) अर्थ वायर सुटलेली असण्याची शक्यता मोठी. काम छोटं आहे, पण ते दुकानदाराने करून द्यावं.

मग प्रत्येक तारेवर मोकळ्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर, सारख्या जोराने, प्रत्येकी दोन सेकंद. जी तारेवर चार ते नऊ हे फ्रेट मात्र पाच सेकंद धरा. आता कानांपेक्षा डोळ्यांना काम द्या: पडद्यावर प्रत्येक सुराची आकृती मुळ्यासारखी दिसते, सुरुवातीला जाड आणि शेपटीकडे निमुळती. मेलेल्या जागेचा मुळा मध्येच तुटल्यासारखा दिसेल. तसा दिसला तर बेसचं डोकं एका हाताने घट्ट धरायला कुणाला तरी सांगा आणि तोच सूर परत वाजवा. सूर लांबला किंवा मेलेली जागा एखादा फ्रेट सरकली, तर डोक्यावर वजन लावून पुढे मार्ग काढता येईल. नाहीच फरक पडला तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही या बाबतीत फरक असतो, म्हणून न पाहता ऑनलाइन मागवायचा झाला तर परत घेण्याची अट आधी वाचा.

शेवटी ८० च्या लयीत एकच सूर अर्ध्या-अर्ध्या मात्रेने मिनिटभर वाजवा आणि ते फोनच्या स्पीकरवर ऐका. फोन खर्ज वाजवूच शकत नाही. तिथे बेसची ओळ कळली याचा अर्थ मधला आवाज भरलेला आहे. तुमचं गाणं बरेच लोक तसंच ऐकणार आहेत.

तारा उंच असणं, इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरचा सुरेलपणा) बिघडलेलं असणं, बटण फिरवताना खरखर, गंजक्या तारा, यातल्या कशानेही बेस नाकारू नका. हे सगळं थोडक्यात सुधारतं. नेकला पीळ असेल तर मात्र हात जोडा. ब्रिजच्या बाजूने बंदुकीच्या नेमासारखं डोळा लावून बघा, नट (डोक्याजवळची खाचांची पट्टी) आणि शेवटचा फ्रेट समांतर दिसले पाहिजेत. सेकंडहँड घेताना ट्रस रॉड (नेकमधली, त्याचा बाक सांभाळणारी सळई) फिरतो का हे विक्रेत्यासमोर बघून घ्या, पाव आट्यापेक्षा जास्त नाही. अडकलेला रॉड म्हणजे पुढच्या पावसाळ्यात वाकणारा नेक. फ्रेट उंचसखल असतील तर ते घासून सपाट करायचा खर्च या किमतीच्या बेसवर परवडत नाही.

घरी आणल्यावर

आधी नव्या तारा: निकेलच्या गोल गुंडाळीच्या, ०४५ ते १०५ जाडीच्या. मग सेटअप, याच क्रमाने. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबा. आठव्या फ्रेटपाशी ०.३ मिमी फट हवी, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव आटा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. नंतर सतराव्या फ्रेटवर तारेची उंची: ई २.४ मिमी, जी २ मिमी. याहून खाली नेलं की फ्रेटवर घासल्याचा आवाज थेट रेकॉर्डिंगमध्ये उघडा पडतो. पिकअप शेवटचा फ्रेट दाबलेला असताना ईपासून ३ आणि जीपासून २.५ मिमीवर ठेवून सुरुवात करा. फार जवळ गेला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डुगडुगतो. इंटोनेशन सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला असेल तर पुढे.

जुन्या चित्रपटगीतांसारखा गोल, ठुमकणारा बेस हवा असेल तर नवा बेस घ्यायची गरज नाही. भांडी घासायच्या नव्या, कोरड्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा, घासणीचा खरखरीत हिरवा थर काढून टाका आणि ब्रिजच्या अगदी लगत तारांखाली सरकवा. सूर ऐकू यावा पण रेंगाळू नये, इतपतच दाब. टोन अर्धा करा आणि बोटाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागाने छेडा. काम झालं की पट्टी काढून ठेवा; पावसाळ्यात ती ओल धरते आणि सॅडलचे स्क्रू गंजतात.