ब्लेंडरमध्ये ट्रेफॉइल गाठ: वीसेक ओळींच्या पायथॉनमध्ये

ट्रेफॉइल म्हणजे तीन पाकळ्यांची, सगळ्यात साधी बंद गाठ. ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये ती काढताना हाताने वक्र ओढत बसू नका, सूत्र द्या. ट ० ते २π घ्या:

क्ष = (२ + कॉस ३ट) × कॉस २ट
य = (२ + कॉस ३ट) × साइन २ट
झ = साइन ३ट

२०० बिंदू पुरतात. शेवटचा बिंदू २π वर ठेवू नका, एक पायरी आधी थांबा. सायक्लिक (शेवट सुरुवातीला जोडणारा पर्याय) चालू केलं की वक्र आपोआप मिटतो. तोच बिंदू दोनदा आला तर सांध्यावर नळी (वक्राला जाडी दिल्यावर होते ती) मुरडते.

स्प्लाइन (वक्राच्या बिंदूंची साखळी) पॉली प्रकारची, म्हणजे बिंदू सरळ रेषांनी जोडणारी घ्या, कारण नर्ब्स हा गुळगुळीत प्रकार बिंदूंमधून जातच नाही. नव्या स्प्लाइनमध्ये एक बिंदू आधीच असतो, म्हणून १९९ च वाढवा. प्रत्येक बिंदूला चार आकडे लागतात: क्ष, य, झ आणि चौथा १. डायमेन्शन्स ३डी करायला विसरलात तर गाठ कागदासारखी चपटी होते. ऑब्जेक्ट सीनच्या कलेक्शनला (वस्तूंच्या गटाला) जोडला नाही तर काहीच दिसत नाही, आणि एररही येत नाही (हा सगळ्यात वैतागवाणा प्रकार).

बेव्हल डेप्थ, म्हणजे नळीची त्रिज्या, ०.४ ठेवा. आतल्या बाजूचे तीन बिंदू एकमेकांपासून सुमारे १.७३ वर आहेत. त्रिज्या १ केली तर नळ्या एकमेकींत घुसतात आणि ती गाठ राहतच नाही.

२ आणि ३ ऐवजी दुसरे आकडे घेताना सामाईक विभाजक टाळा. २ आणि ४ दिलेत तर एकच साधं कडं दोनदा गिरवलं जातं. २ आणि ५ चालतात. झ चं चिन्ह उलटवलं की आरशातली ट्रेफॉइल मिळते. ती कितीही फिरवली तरी मूळ गाठीवर बसत नाही.