टू-स्ट्रोक बोट मोटारीचे ऑइल बदलण्यापूर्वीची तयारी

नवे ऑइल आणण्याआधी मोटारीची माहितीपुस्तिका उघडून दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी: निर्मात्याने कोणत्या दर्जाचे ऑइल सांगितले आहे, आणि ते पेट्रोलमध्ये हाताने मिसळायचे आहे की वेगळ्या टाकीतून पंपाने जाते. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) मोटारींसाठी डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ ही ऑइलच्या दर्जाची खूण असावी लागते. ती नसेल, तर डबा कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी परत ठेवावा. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या ऑइलमध्ये बहुधा धातुयुक्त घटक असतात. ते जळल्यावर राख उरते आणि ती पिस्टनच्या माथ्यावर व स्पार्क प्लगवर बसली की ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटू लागते. फोर-स्ट्रोकचे ऑइल तर या कामाचे मुळीच नव्हे. सिंथेटिक घ्यावे की साधे, हा माझ्या मते नंतरचा प्रश्न आहे. सिंथेटिकचा धूर सहसा कमी असतो, एवढे पुरे.

पेट्रोलमध्ये मिसळायचे असेल तर काम सोपे आहे. टाकीतले जुने मिश्रण संपवावे आणि पुढचे नव्या ऑइलने करावे. प्रमाण ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर ऑइल लागते, १००:१ असेल तर १०० मिलिलिटर; नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त झालेल्या मोटारीला सुरुवातीचे काही तास बहुधा दुप्पट ऑइल द्यायला सांगितलेले असते. डब्याच्या झाकणाने अंदाजे ओतण्याची सवय मलाही होती. मोजपात्रात ओतून पाहिले तेव्हा दर वेळी वेगळा आकडा निघाला. थोड्या पेट्रोलमध्ये सगळे ऑइल आधी ओतून कॅन हलवावा आणि मगच उरलेले पेट्रोल घालावे, नाहीतर थंडीत घट्ट झालेले ऑइल तळाशी बसते.

ऑइलचा पंप असलेल्या मोटारीत मात्र घाई करू नये. निरनिराळ्या प्रकारांची ऑइले एकमेकांत मिसळल्यावर काही वेळा जेलीसारखी घट्ट होतात आणि बारीक नळी तुंबते. म्हणून टाकी रिकामी करावी, तळाचा गाळ पुसून घ्यावा आणि ऑइलचे फिल्टर असल्यास तेही पाहावे. शंका असेल तर जुने आणि नवे ऑइल काचेच्या बाटलीत निम्मे-निम्मे मिसळून रात्रभर ठेवावे; सकाळी बाटली तिरपी केल्यावर तंतू किंवा गुठळ्या दिसल्या तर नळ्याही साफ कराव्या लागतील. नवे ऑइल भरल्यावर नळीतली हवा पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने काढावी. पहिल्या टाकीपुरते पेट्रोलमध्येही ५०:१ ऑइल घालावे आणि जास्तीचा धूर सहन करावा, कारण पंप खरोखर ऑइल ओढतो आहे हे अजून सिद्ध झालेले नसते.

स्पार्क प्लग नवे बसवावेत किंवा निदान साफ करून त्यांचा रंग लिहून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येईल: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काळा व ओला असेल तर ऑइल किंवा इंधन जास्त झालेले असू शकते. खालच्या गिअरबॉक्सचे ऑइल निराळे असते. त्याचा डबा या ऑइलच्या डब्याशेजारी ठेवू नये. जुने ऑइल गटारात किंवा पाण्यात न टाकता बंद डब्यात साठवून टाकाऊ ऑइल स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे.

मोटार चालू करण्याआधी थंड करणारे पाणी मिळते आहे ना हे पाहावे आणि पंपाची मोटार असेल तर ऑइलच्या टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारावी. तासभर चालवल्यावर ऑइल त्या रेघेखाली गेलेले दिसले, तरच पुढची टाकी निव्वळ पेट्रोलने भरावी.